बेचाळीसपैकी बेचाळीस

१

"माझी हरकत कुठे आहे?"

सुनावणीच्या दालनात खुर्च्या सरकवण्याचा आवाज चालला होता, तो एकदम थांबला. उभ्या राहिल्या होत्या हातोडीबाई. सत्तरी ओलांडलेल्या, कानापर्यंत कापलेले पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी आणि त्या पिशवीत खरोखरच एक हातोडी. जन्मभर त्यांनी इमारती तपासल्या. खांबावर ठोकून, कान लावून सांगायच्या, आतून भरीव आहे की पोकळ. नोकरी संपली, सवय सुटली नाही.

विषय होता नोकरदार बायकांच्या जुन्या वसतिगृहाचा. नगर कार्यालयाने ते धोकादायक ठरवून पाडायला काढलं होतं. लोकांनी कार्यालयाच्या वेबसाइटवर हरकती नोंदवल्या होत्या आणि त्या गुरुवारी एकेक करून ऐकल्या जाणार होत्या.

"यादीत पाहिलंत का?" सुनावणी अधिकारी बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"तीनदा पाहिली. 'आणखी दाखवा', 'आणखी दाखवा' करून बोट झिजलं. सगळे आहेत, मी नाही."

विभागप्रमुख साहेब शांतपणे उठले. घडीची पँट, घडीचा सदरा आणि बोलणंही घडी घातल्यासारखं. त्यांनी लेखनिकेला यादी भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायला सांगितली. तिने बटण चार वेळा दाबलं. यादी खाली खाली वाढत गेली आणि तळाला अक्षरं उमटली: बेचाळीसपैकी बेचाळीस.

"आल्या बेचाळीस, लागल्या बेचाळीस," साहेब म्हणाले.

हातोडीबाईंनी पिशवीतून पावती काढून टेबलावर आपटली. साहेबांनी ती वाचली, मान हलवली. "पावती खरी आहे. म्हणजे हरकत आली, पण यादीत लागली नाही. मॅडम, सोमवारीच या यादीला नवं बटण बसवलंय. बाहेरच्या लोकांचं काम. तांत्रिक चूक."

सुनावणी अधिकारी बाईंनी नियम वाचून दाखवला. चोवीस तास आधी यादीत जाहीर न झालेली हरकत ऐकता येत नाही. चूक तांत्रिक असेल तर ज्याची चूक त्याच्यावर कारवाई, सुनावणी मात्र तशीच पुढे. कार्यालयातल्या कुणी हरकत मुद्दाम दडवली असेल, तरच सगळी सुनावणी नव्याने.

"शनिवारी अकरा वाजता ठरवू," त्या म्हणाल्या. "बटण कुणी केलं?"

शेवटच्या रांगेतून मी हात वर केला.

२

बाहेर व्हरांड्यात साहेबांनी एक टाइप केलेला कागद माझ्या हातात दिला. 'माझ्या कामातील त्रुटीमुळे सदर हरकत यादीतून वगळली गेली, कार्यालयाचा यात दोष नाही.' खाली सहीला जागा.

"सही करा, विषय मिटेल. पुढची कामंही तुम्हालाच देऊ."

"चूक काय ते मला अजून कळलेलं नाही. न कळलेल्या चुकीवर सही कशी करू?"

"ताई, एवढा ताठा बरा नाही."

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. राग इतका आला होता की जिना उतरताना दोनदा पाय चुकला.

घरी मावशी होती. आई गेल्यापासून आम्ही दोघीच. मावशीने चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लाल पेन्सिल, लाकडी पट्टी आणि एक भिंग एवढीच तिची हत्यारं. जावास्क्रिप्ट कशाशी खातात हे तिला ठाऊक नाही. पण मी सगळं सांगितलं तेव्हा तिने मध्ये एकदाही "बिचारी" वगैरे म्हटलं नाही. विचारलं ते एवढंच: "हे बटण करतं काय?"

"पूर्वी यादीच्या खाली एक, दोन, तीन, चार असे पानांचे आकडे होते. आकडा दाबला की आधीचं पान जायचं, नवं यायचं. लोक वैतागायचे, कुठे होतो तेच विसरायचे. म्हणून मी आकडे काढले आणि एक बटण ठेवलं. दाबलं की पुढच्या दहा चौकटी तिथल्या तिथे खाली जोडल्या जातात. एका चौकटीत एक हरकत."

"पुढच्या दहा कुठल्या, हे त्याला कसं कळतं?"

"पडद्यावर आता किती चौकटी आहेत ते मोजतं. दहा असतील तर सर्व्हरला सांगतं, दहा सोडून पुढच्या दे."

"छापून आण," मावशी म्हणाली.

"अगं, पडद्यावर बघ ना."

"पडद्यावर मला डुलकी लागते. छापून आण."

आणली. तिने पट्टी लावून ओळीने बेचाळीस चौकटींवर लाल टिंबं दिली. मग पहिल्या चौकटीकडे परत गेली आणि भिंग तिथेच धरलं.

"ही कुणाची हरकत?"

"ती हरकत नाही. ती सूचना आहे. 'सुनावणी गुरुवारी, अकरा वाजता.' सोमवारी वर चिकटवलीय, सगळ्यांना आधी दिसावी म्हणून."

"हरकत नाही, तर मग माझ्या बेचाळीस टिंबांत ती कशी?"

मी बोट ठेवून पुन्हा मोजलं. पहिल्या पानावर दहा चौकटी. त्यातली एक सूचना. म्हणजे हरकती नऊच. आणि माझं बटण दहा चौकटी मोजून सर्व्हरला सांगत होतं, दहा सोड, अकरावीपासून दे. नववीनंतर थेट अकरावी. दहावी हरकत कुणाच्याही पडद्यावर, कधीच येणार नव्हती. सूचना धरून आकडा मात्र बरोबर बेचाळीस.

"मावशी," मी म्हटलं, "चूक खरंच माझीच आहे गं."

३

पर्समधला कागद मला आता वेगळाच जड वाटायला लागला. मी पेन शोधत होते.

"काय करतेयस?" मावशीने विचारलं.

"सही. खरं आहे ना त्यात लिहिलेलं?"

"अर्धं. भिंतीला भोक पाडलंस तू. हातोडीबाई त्यातून पडल्या की कुणी ढकलल्या, हे कुठे बघितलंस?" तिने छापील पानांवर पट्टी आपटली. "बाईंनी हरकत कधी दिली?"

"पहिल्याच आठवड्यात. त्यांचाच पहिला नंबर असेल."

"आणि तू बटण बसवलंस तेव्हा यादी कशी लावली होतीस?"

"नव्यापासून जुन्याकडे. शेवटच्या दिवशी आलेल्या सगळ्यात वर…"

बोलता बोलता मला उमगलं. तसं असेल तर हातोडीबाई यादीच्या तळाला हव्यात. त्या दहाव्या येतीलच कशा? मी छापील पानं पुन्हा चाळली. यादी आता नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे लागलेली होती, आणि हातोडीबाईंचं पावतीवरचं खरं नाव त्यात बरोबर दहावं यायचं. मी ती तशी लावली नव्हती.

आमची कंपनी म्हणजे दोन माणसं: मी आणि माझा भागीदार. शुक्रवारी सकाळी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. वेबसाइटवर कुणी काहीही बदललं तर त्याची नोंद आमच्या मेलवर येते आणि ते मेल तो बघतो.

"मंगळवारचा मेल दाखव."

"त्यात काही नाहीये."

"मग दाखवायला तुझं काय जातंय?"

त्याने खूप वेळ माउस हातात धरून ठेवला. मग उघडला. मंगळवार, सकाळी अकरा चाळीस: यादीचा क्रम बदलला, जुन्यापासून नव्याकडे. अकरा बेचाळीस: पुन्हा बदलला, पत्त्याप्रमाणे. अकरा चव्वेचाळीस: नावाप्रमाणे. तिन्ही वेळा लॉगिन लेखनिकेचं.

"तुला हे माहीत होतं?"

"काल सुनावणीनंतर पाहिलं." तो खिडकीकडे बघत होता. "साहेब म्हणाले, पुढची तीन वर्षं सगळ्या वेबसाइट आपल्याकडे. तू एक सही केलीस तर कुणाचं काय बिघडतंय? वसतिगृह आज ना उद्या पडणारच आहे."

"माझं बिघडतंय," मी म्हटलं आणि मेल स्वतःला पाठवून घेतला. तो अडवायला उठला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

४

लेखनिक कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसते. मी आणि मावशी आत शिरलो तशी तिने फाइल उघडून तोंडासमोर धरली.

"माझं लॉगिन? मंगळवारी?" तिचा आवाज चढला. "मंगळवारी मी कामावरच नव्हते! लेकीची दाढ काढायची होती. दहापासून एकपर्यंत दवाखान्यात बसून होते मी. साहेबांनीच रजा मंजूर केली." तिने दवाखान्याची चिठ्ठी काढली. तारीख, वेळ, शिक्का, सगळं होतं.

"मग पासवर्ड कुणाकडे होता?" मावशीने विचारलं.

लेखनिकेने कीबोर्ड उलटा केला. खाली चिकटपट्टीने लावलेला कागद, त्यावर निळ्या शाईत पासवर्ड. "अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे. मी रजेवर असले की कुणीही बसतं इथे." मग हळूच म्हणाली, "ताई, हे माझ्यावर येणार का हो?"

"खरं तेवढंच बोल, नाही येणार," मावशी म्हणाली. "सूचना वर कुणी चिकटवली?"

"मीच. सोमवारी. दर सुनावणीला चिकटवते."

तिथून आम्ही साहेबांकडे गेलो. त्यांनी आम्हाला उभं ठेवलं नाही, खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

"मंगळवारी यादीचा क्रम तीनदा बदलला गेला," मी म्हटलं.

"असेल. मला त्या वेबसाइटमधलं ओ की ठो कळत नाही. खरं सांगू? आजवर उघडूनही पाहिली नाही. ते सगळं लेखनिक बघते." ते हसले. "तिला विचारा. आणि मावशी, तुम्ही कशाला या वयात धावपळ करता? भाचीला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगा. कार्यालयाशी भांडून कुणी मोठं होत नाही."

"मोठं व्हायचं वय गेलं माझं," मावशी म्हणाली. "आता नुसतं भांडायचंच राहिलंय."

जिन्यात मी तिला म्हटलं, "तेच आहेत. मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं."

"डोळ्यांवर कुणाला फाशी देत नाहीत. हे बघ, ज्याने क्रम बदलला त्याला आधी ठाऊक हवं की दहावी हरकत दिसत नाही. तुला ठाऊक नव्हतं, तुझ्या भागीदाराला नव्हतं. मग त्याला कुणी सांगितलं?"

मी थांबले. सोमवारपासून मंगळवारपर्यंत यादी माझ्या क्रमाने होती. तेव्हाही भोक होतंच. तेव्हाही कुणीतरी त्यात पडलेलं होतं. मी तिथेच, जिन्याच्या कठड्याला टेकून, छापील पानांवरच्या तारखा बघत नव्यापासून मागे दहा मोजले.

दहावी होती वसतिगृहाची स्वयंपाकीण.

५

वसतिगृहाचं स्वयंपाकघर तळमजल्यावर. भल्यामोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटत होतं आणि स्वयंपाकीणबाई एका हाताने डाव फिरवत बोलत होत्या.

"हो तर! सोमवारी इथल्या मुलींनी यादी उघडली. सगळ्यांच्या हरकती दिसतात, माझीच नाही. म्हटलं, आपण आठ ओळी लिहिल्या म्हणून टाकून दिली की काय! मंगळवारी लावला फोन कार्यालयात."

"कुणी उचलला?"

"खुद्द साहेबांनी! लेखनिक नव्हती म्हणे. सगळं नीट ऐकून घेतलं. तुमची कितवी आहे, कुणाच्या नंतर यायला हवी, सगळं विचारलं. म्हणाले, उद्या दिसेल. आणि खरंच दिसली हो! मोठा माणूस, पण एवढ्याशा कामाला स्वतः लक्ष घातलं." त्यांनी ओले हात पदराला पुसून फोन दाखवला. मंगळवार, अकरा एकतीस. सहा मिनिटं.

पहिला बदल अकरा चाळीसला झाला होता.

"बाई, हे उद्या अधिकाऱ्यांसमोर सांगाल?" मी विचारलं.

"चांगलं केलेलं सांगायला कसली भीती?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्यांना सगळं खरं काय ते सांगितलं. ऐकताना बाईंचा डाव फिरायचा थांबला. खाली काहीतरी लागल्याचा वास आला तरी त्या हलल्या नाहीत.

"म्हणजे माझी तक्रार घेऊन त्यांनी हातोडीबाईंचा काटा काढला?" त्या म्हणाल्या. "उद्या किती वाजता यायचं ते सांगा."

६

शनिवारी अकरा. सुनावणी अधिकारी बाईंच्या खोलीत साहेब आधीच बसले होते. टेबलावर नवा कागद, शेजारी पेन.

"सही करताय ना?"

"करतेय. पण माझ्या कागदावर." मी उभ्या उभ्याच वाचलं. "बटण मी लिहिलं. ते सगळ्या चौकटी मोजत होतं, सूचनेचीही. त्यामुळे दहावी हरकत कुणालाच दिसत नव्हती. ही चूक माझी आहे, पूर्ण माझी आहे, आणि तिची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे."

"झालं तर!" साहेब म्हणाले. "मॅडम, कबुली आली."

"वाचून संपलं नाही," मी म्हटलं. "ती दहावी हरकत कुणाची असावी, हे मात्र मी ठरवलं नाही."

मेल, दवाखान्याची चिठ्ठी, फोनची वेळ, सगळं टेबलावर मांडलं, साहेब काल आम्हाला काय म्हणाले तेही सांगितलं. स्वयंपाकीणबाईंनी फोनवर काय बोलणं झालं ते शब्दन् शब्द सांगितलं. अधिकारी बाई साहेबांकडे वळल्या. "तुम्ही काल यांना म्हणालात, वेबसाइट कधी उघडलीच नाही?"

साहेबांच्या कपाळावर घाम आला, पण बोलणं अजून घडीत होतं. "लहानसं काम होतं, विसरलो. या बाईंची हरकत दिसत नव्हती, म्हणून मी क्रम बदलला. गरिबाला मदत केली. त्यात दुसऱ्या कुणाची गेली, हा योगायोग."

खरं सांगते, माझं अवसान गळालं. उत्तर बिनतोड होतं. स्वयंपाकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मावशीकडे.

मावशी खुर्चीत पुढे सरकली. "मॅडम, मला यंत्रातलं कळत नाही. तुम्हीच एक करून बघाल का? या पोरीने यादीची एक नक्कल करून आणलीय, मंगळवारी होती तशी. साहेबांनी ज्या क्रमाने बदल केले, त्याच क्रमाने करा."

अधिकारी बाईंनी लॅपटॉप ओढून घेतला.

"पहिला बदल. जुन्यापासून नव्याकडे. आता स्वयंपाकीणबाई दिसतात का?"

त्यांनी बटण दाबलं, दाबलं, दाबलं. "दिसतात. खाली, तेहतिसाव्या. हातोडीबाईही दिसतात, अगदी वर."

"म्हणजे अकरा चाळीसलाच मदत झाली," मावशी म्हणाली. "काम संपलं. तिथे हात थांबायला हवा होता. मग अकरा बेचाळीसचा बदल कशासाठी?"

बाईंनी तोही केला. पत्त्याप्रमाणे. स्वयंपाकीणबाई दिसत होत्या, हातोडीबाईही दिसत होत्या. नाहीशी झाली होती कुणा एका दुकानदाराची हरकत. मग तिसरा, नावाप्रमाणे. बटण चार वेळा दाबलं गेलं. हातोडीबाई नव्हत्या.

"आणि इथे हात थांबला," मावशी म्हणाली. "मदत करणारा कोण दिसतं ते बघतो. साहेब, तुम्ही कोण नाहीसं होतं ते बघत होतात. हव्या त्या नाहीशा होईपर्यंत क्रम बदलत राहिलात."

साहेबांनी पेन उचललं, टोपण लावलं, परत काढलं.

"पण का?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"ते माझ्या हरकतीत आहे," दारातून आवाज आला. हातोडीबाई केव्हा येऊन उभ्या होत्या कुणास ठाऊक. "यांच्याशिवाय कुणी उघडलीच नाही ती. यांच्या सहीचा अहवाल आहे ना, इमारत धोकादायक आहे म्हणणारा? त्यात लिहिलंय, चौथ्या मजल्याच्या खांबांना तडे. अहो, वसतिगृहाला मजलेच तीन! दुसऱ्या कुठल्यातरी इमारतीचा अहवाल उचलून नाव बदललंय. हा गृहस्थ तिथे पाऊल न टाकताच सही करून मोकळा झाला."

मी माझा कागद साहेबांसमोर सरकवला. "माझी चूक या कागदावर आहे. तुमची झाकायला तुम्ही माझी वापरलीत. तुमच्या कागदावर सही तुम्हीच करा."

७

साहेबांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलं. सुनावणी नव्याने लावायचा हुकूम त्याच दिवशी निघाला. आम्हालाही एक वर्ष कार्यालयाचं कुठलंही काम नाही, अशी शिक्षा झाली. योग्यच होती. भागीदार म्हणाला, अर्ज करून कमी करून घेऊ. मी म्हटलं, तुला करायचा तर तू कर, माझं नाव घालू नकोस. महिनाभरात आम्ही वेगळे झालो, भांडण न करता.

बटण मात्र मी दुरुस्त करून दिलं, फुकट, शिक्षा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. आता ते सूचना मोजत नाही. शेवटी किती चौकटी आहेत ते न सांगता किती हरकती आहेत ते सांगतं.

पंधरा दिवसांनी दालन पुन्हा भरलं. वसतिगृहातल्या मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या, स्वयंपाकीणबाई पहिल्या रांगेत. माझी मावशी त्यांच्या शेजारी, भिंग गळ्यात अडकवून. साहेबांच्या जागी आलेले नवे गृहस्थ घड्याळ समोर ठेवून बसले होते.

पुकारा झाला. हातोडीबाई उठल्या, पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला, चष्मा लावला.

"प्रत्येकाला पाच मिनिटं," नवे गृहस्थ म्हणाले.

"मला गप्प बसवायला तुमच्या कार्यालयाने तीन आठवडे घेतले," हातोडीबाई म्हणाल्या. "मी पाऊण तास घेणार."

गृहस्थांनी अधिकारी बाईंकडे पाहिलं. बाईंनी टेबलावरचं घड्याळ उचललं आणि खणात ठेवलं.

"बोला," त्या म्हणाल्या.